आप्पांनी न घेतलेला कुकर

रक्तपेढीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, तरी अजून लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, "साहेब, औंदा शिबिराला काय हाय?" काय हाय म्हणजे वस्तू काय आहे. परवा मंडईत एकानं विचारलं. मी म्हटलं, "शिबिराला रक्त काढतात." तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. म्हणाला, "ते झालंच हो. पर त्येच्यावर काय?"

मी हातातली मेथी तिथंच ठेवली आणि घरी आलो. बायको म्हणाली, "त्याच्यावर कशाला चिडता? ही सवय त्याला लावली कुणी?"

मी लावली. धाराशिव जिल्ह्यात रक्तदानावर वस्तू द्यायची कल्पना पहिल्यांदा आणली ती मीच, असं म्हणत नाही. इतरांनीही आणली. पण आमच्या रक्तपेढीत ती माझ्या डोक्यातून निघाली आणि तिच्यासाठी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. या अंकाच्या संपादकांनी मला "तुमच्या कामातलं काही प्रेरणादायी लिहा" असं सांगितलं आहे. प्रेरणा या शब्दाचा मला वीट आला आहे. तरी लिहितो, कारण मुरुम गावातल्या एका माणसाबद्दल जे बोललं जातं ते खोटं आहे. ते खोटं आहे हे सगळ्यात चांगलं मला ठाऊक आहे.

आधी आमचा धंदा सांगतो, कारण बाहेरच्यांना तो फार सोपा वाटतो. रक्त कारखान्यात होत नाही. ते माणसाकडूनच घ्यावं लागतं, आणि विकत घ्यायला कायद्यानं बंदी आहे. घेतलेलं रक्त फ्रीजमध्ये पस्तीस दिवस टिकतं, पुढं ते टाकून द्यावं लागतं. म्हणजे एकाच दिवशी रांगा लागून उपयोग नसतो. वर्षभर थोडी थोडी माणसं येत राहावी लागतात. एकदा दिलेला माणूस तीन महिने पुन्हा चालत नाही. माझं काम रक्त काढायचं नव्हतं, ते तंत्रज्ञ करत. मी जनसंपर्क अधिकारी. माझं काम माणसं आणायचं.

सुरुवातीला माणसं आणणं म्हणजे भीती घालवणं होतं. बेंबळीला एका म्हातारीनं मला दारातून हाकललं होतं. "माझ्या लेकाचं रगत काढून हैद्राबादला इकता व्हय रं?" तिचा लेक मागं उभा राहून मला खुणा करत होता, की तुम्ही व्हा पुढं, मी मागच्या वाटेनं येतो. आला. रक्त देऊन परत गेला आणि म्हातारीला म्हणाला, दात काढायला गेलतो. अशी माणसं होती. फळी पुसून त्यावर झोपायची, आणि उठल्यावर आम्हालाच विचारायची, "तुमी जेवला का?"

मुरुमला तर आम्हाला जेवण ठरलेलंच असे. तिथं गुरुलिंगआप्पा नावाचे आडते होते. बाजारात त्यांचं डाळीचं दुकान. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. आम्ही पोचलो की दुकानातूनच हाक यायची, "बर्री, कुंद्री." या, बसा. शिबिर मंगल कार्यालयात व्हायचं आणि सतरंजीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं आप्पा बघायचे. पहिल्या पलंगावर स्वतः झोपायचे. त्यांच्यामागून त्यांच्या दुकानातला हमाल बाबू, बाबूमागून बाजारातले बाकीचे हमाल. पाठीवर क्विंटलाची पोती घेणारी ही माणसं सुईला मात्र डोळे गच्च मिटायची. आप्पा बाजूला उभे राहून चेष्टा करायचे, "बाबू, पोतं न्हाय रं ते, सुई हाय. श्वास घे."

आप्पांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. हा गट फार थोड्या लोकांचा असतो आणि अडचणीला कुणालाही चालतो. आमच्यासाठी तो माणूस म्हणजे सोनं. पण आप्पांची एक रीत होती. रक्त दिल्यावर आमचं बिस्कीट ते घेत नसत, चहा घेत नसत, प्रमाणपत्र टेबलावरच राही. मी एकदा आग्रह केला तेव्हा म्हणाले, "साहेब, आमच्यात देवाला न्हेलेलं नारळ परत मागत न्हाईत. दिलं की हात झाडायचे." मग घरून आलेली हुग्गी आम्हाला वाढायचे. गव्हाची ती खीर खाऊन आमचा ड्रायव्हर परतीच्या वाटेवर हमखास पेंगायचा. एकदा जळकोटला गाडी बाजूला घेऊन आम्ही सगळेच झोपलो होतो.

असं चालू होतं. मग दुसऱ्या एका रक्तपेढीनं कुणाच्या तरी वाढदिवसाला शिबिर घेऊन पाठीवरच्या बॅगा वाटल्या. आमच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. "त्यांच्याकडं रांगा लागतात, आपल्याकडं का नाही?" मी म्हणायला हवं होतं की आपल्याला रांगा नकोत, माणसं हवीत. मी म्हटलं, "आपणही काहीतरी देऊ या."

पहिल्या वर्षी स्टीलचा डबा दिला. झाकणावर रक्तपेढीचं नाव. गर्दी अशी झाली की मंगल कार्यालयाचं दार मोडलं. अध्यक्ष खूश, मी खूश. त्याच वर्षी माझा सत्कार झाला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, बक्षिसानं माणूस कसा चळतो हे बघायला मला लांब जायची गरज नव्हती. शाल अंगावर पडली त्या दिवसापासून मी रक्ताच्या पिशव्यांऐवजी आकडे मोजायला लागलो.

दुसऱ्या वर्षी लोक दारातच विचारायला लागले. "डबा घरी हाय. यंदा काय?" मग हेल्मेट आणलं. बायका म्हणाल्या, हेल्मेट घालून आम्ही भाकऱ्या थापायच्या का? मग त्यांच्यासाठी पाणी गार ठेवायचा जार. मग पुरुष म्हणाले, त्यांना जार तर आम्हालाही जार. रक्त घ्यायच्या आधी आम्ही बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात टाकतो. थेंब बुडाला तर रक्त जाड, चालेल. तरंगला तर परत पाठवायचं. एका बाईचा थेंब तरंगला. तिला म्हटलं, अक्का, तुमच्यातच रक्त कमी आहे, पालेभाजी खा. ती हलेना. "रगत न्हाय त्यात माजा काय दोष? मी आले न्हवं इथवर? जार द्या." मागच्या बायका तिच्या बाजूनं. भांडण नको म्हणून जार दिला. पुढच्या वर्षी ज्यांचा थेंब हमखास तरंगणार अशांचीच रांग लागली.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण आम्ही रक्तदात्याला प्रश्न विचारतो: कावीळ झाली होती का, औषधं चालू आहेत का. त्या उत्तरांवर आमचा सगळा डोलारा उभा असतो. तपासण्या करतो, पण प्रत्येक तपासणीला प्रत्येक रोग प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही. म्हणून माणूस खरं बोलला पाहिजे. ज्याला काही मिळायचं नाही तो कशाला खोटं बोलेल? ज्याला जार घेऊन जायचाय, त्याला कावीळ आठवत नाही.

आणि हमाल येईनासे झाले. बाबूला मी बाजारात गाठलं. म्हटलं, "काय रे, भेट चालू केली आणि तुम्हीच गायब?" तो पाठीवरचं पोतं उतरवून म्हणाला, "साहेब, आधी लोक म्हणायचे, बाबूनं रगत दिलं. आता म्हणत्यात, बाबूनं डबा आणला." मी म्हटलं, "मग डबा घेऊ नकोस." तो म्हणाला, "घेतला न्हाय तरी म्हणत्यातच. डबा सगळ्यालाच हाय म्हटल्यावर आमचं येगळं कोण बघतंय?"

इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काय केलं? आणखी मोठी भेट ठरवली. आप्पा आले तर सगळे येतील, म्हणून आप्पांचा मंचावर सत्कार ठेवला. मागं फलक: सर्वाधिक वेळा रक्तदान, विशेष भेट. विशेष भेट म्हणजे पाच लिटरचा कुकर. आप्पांना मी आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते आले नसते. रक्त देऊन ते उठले, बाही खाली करतायत तोवर मी त्यांचा हात धरून मंचावर नेलं आणि कुकर पुढं केला. त्यांनी हात मागं घेतले. मी हसत हसत त्यांच्या हातात तो कोंबला. फोटोवाला म्हणाला, "आप्पा, जरा हसा." खालून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, किती रगताला एक शिट्टी?" मांडव हसला. आप्पा फोटो होईपर्यंत उभे राहिले. मग कुकर टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि गेले. त्या दिवशी हुग्गी आली नाही. आम्ही उपाशीच निघालो.

पुढच्या शिबिराला आप्पा नाहीत, हमाल नाहीत, ज्यांच्या भरवशावर आम्ही होतो त्यांतलं कुणीच नाही. डब्या-जारांची हौसही फिटलेली. मुरुमचा आकडा कोसळला. बैठकीत अध्यक्षांनी कारण विचारलं. खरं कारण माझ्या तोंडाशी आलं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "आप्पा रुसलेत. त्यांना कुकरापेक्षा मोठं काहीतरी हवं होतं बहुतेक."

त्या "बहुतेक"ला धरून मी पुष्कळ वर्षं काढली. पण बैठकीतला शब्द मुरुमला पोचेपर्यंत त्यातलं बहुतेक गळून पडलं. आप्पानं मोठ्या कुकरसाठी रक्त द्यायचं सोडलं, एवढंच बाजारात पोचलं. माणसाला नाव पाडायला आपल्याकडं वेळ लागत नाही. डाळीच्या दुकानाला आता कुकरआप्पाचं दुकान म्हणतात.

याहून वाईट पुढं झालं. त्यानंतर काही महिन्यांनी बेंबळीची एक बाळंतीण धाराशिवला आणली. बाळ सुखरूप होतं, पण तिचं रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह. आमच्याकडं त्या गटाची एकच पिशवी होती, आदल्याच दिवशी एका शिबिरात आलेली. तपासणीत तिच्यात कावीळ निघाली. ती देणारा माणूस रांगेत हसत "कधीच न्हाय" म्हणाला होता आणि जार घेऊन गेला होता. पिशवी टाकून दिली. दुपारची वेळ. दवाखान्यातून फोनवर फोन. मी माझ्या माहितीतल्या एकेकाला फोन लावले. एकानं गेल्याच आठवड्यात वाढदिवसाच्या शिबिरात दिलेलं. दुसऱ्यानं शांतपणे विचारलं, "साहेब, शिबिरात दिल्यावर मिळतं, मग असं दिल्यावर का न्हाय?" मी त्याच्यावर फोनमध्ये इतका ओरडलो की बाहेरचे लोक आत आले. त्याचं काय चुकलं होतं? भाव मीच ठरवून दिला होता.

आप्पांना फोन करायला माझी छाती होत नव्हती. शेवटी आप्पांच्या दुकानावर फोन लावला, पण बाबूला बोलावलं. विचारलं, बाजारात आणखी कुणी ओ निगेटिव्ह आहे का?

बाबू म्हणाला, "आणखी कशाला? आप्पालाच इचारा की."

"ते येणार नाहीत."

"कुणी सांगितलं?"

सांगणारा मीच होतो.

त्यानं फोन आपटला. दोन तासांनी रक्तपेढीच्या दारात डाळीचा टेम्पो थांबला. आप्पांच्या धोतरावर तुरीचा भुसा तसाच. आत येऊन पलंगावर झोपले आणि मला म्हणाले, "माझं नाव कुटं घालायचं न्हाय. फोटू न्हाय. कुणी इचारलं तर आप्पा आलाच न्हवता. कबूल आसंल तर सुई घाला."

मी कबूल झालो. कबूल होताना मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. त्यांचं येणं गुप्त राहिलं तर माझं बैठकीतलं वाक्यही तसंच राहणार होतं. त्यांनी स्वतःच्या मानासाठी मागितलेलं वचन माझ्या सोयीचं होतं.

उठल्यावर मी सवयीनं चहा मागवायला निघालो. आप्पांनी फडक्यातून घरची शेंगापोळी काढली, अर्धी मोडून मला दिली. "खावा. तुमचं तोंड सुकलंय." ती बाई वाचली. सकाळी तिचा नवरा पेढे घेऊन आला आणि विचारलं, रक्त कुणी दिलं? मी म्हटलं, एका भल्या माणसानं. पेढ्याचा पुडा मीच घरी नेला.

पेढेच नाही. तो कुकरही. शिबिराच्या दिवशी टेबलावर राहिला होता, सामानाबरोबर गाडीत आला, कार्यालयात काही दिवस पडून राहिला, आणि एक दिवस मी तो घरी आणला. बायकोनं विचारलं तेव्हा म्हटलं, शिबिरातला उरलेला आहे. तेव्हापासून आमच्या घरची डाळ त्यातच शिजते. गुरुलिंगआप्पांनी ज्या कुकरसाठी रक्त देणं सोडलं असं सारं मुरुम म्हणतं, तो कुकर माझ्या ओट्यावर शिट्ट्या मारतो आहे.

लोक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं? आप्पांनी पासष्टी ओलांडली, आता त्यांचं रक्त कुणी घेणारही नाही. मलाही तसंच वाटत होतं. पण यंदा उन्हाळ्यात आप्पांची नात आमच्या घरी आली. इथं कॉलेजात शिकते. कॉलेजच्या शिबिरात तिनं नाव दिलं तर मुरुमच्या पोरी म्हणाल्या, कुकरआप्पाची नात आली, हिला मिक्सर द्या. ती रक्त न देताच उठली. मला म्हणाली, "आजोबा काहीच बोलत नाहीत. तुम्ही तेव्हा होता ना तिथं? त्यांनी खरंच मागितला होता का कुकर?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी त्या मुलीला सगळं सांगितलं. जे वर लिहिलंय ते. ऐकून ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "मग हे मला काय सांगताय? मुरुमला जाऊन सांगा." बरोबर होतं. या पोरी आमच्या वेळच्या लोकांसारख्या हळुवार बोलत नाहीत, आणि ते बरंच आहे.

दुसऱ्या दिवशी बायकोनं कुकर घासून लख्ख केला आणि माझ्या हातात दिला. वर म्हणाली, "पिशवीत घालून न्यायचा नाही." मी तो तसाच मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, रिपेरीला?" मी तिकिटाचे पैसे पुढं केले. मुरुमला उतरलो तर बाजार केवढा बदललेला, दुकान सापडेना. चहाच्या गाड्यावरच्या बाईला विचारलं, गुरुलिंगआप्पांचं दुकान कुठं?

तिनं कुकरकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "कुकरआप्पाचं व्हय?"

मी म्हटलं, "बाई, कुकर माझा आहे. आप्पांनी तो कधी घेतलाच नव्हता." गाड्याभोवतीचे लोक माझ्याकडं बघायला लागले. एकानं विचारलं, मग हे कुकर-कुकर काय ऐकतोय आम्ही? तिथंच उभं राहून सांगावं लागलं. लोकांच्या हातातला चहा गार झाला.

आप्पा गल्ल्याशेजारी खुर्चीत होते. थकलेत. मला ओळखलं आणि आवाज तोच, "बर्री, कुंद्री." मी कुकर त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, आप्पा, तुम्हाला दिलेलं वचन मोडायची परवानगी मागायला आलोय. नातीच्या वयाच्या पोरी रक्त न देता उठतायत. तुम्ही त्या दुपारी आला होता, हे मला लिहायचंय.

त्यांनी कुकर जवळ ओढला. मग झाकण काढून आत बघितलं, रबरावरून बोट फिरवलं. "डाळ चांगली शिजती का ह्यात?"

"शिजते."

"कुणाच्या दुकानची आणता?"

मी सांगितलं, धाराशिवातून, किराणा दुकानातून. "हं," म्हणाले, "तीच चूक." बाबू, आता पांढऱ्या मिशांचा, पोत्यांच्या थप्पीला टेकून हसला. मग आप्पा म्हणाले, "लिवा. पर मला लई चांगला लिवू नका. पुन्हा कोन तरी शाल घिऊन यील." आणि कुकर माझ्याकडं सरकवला. "ह्यो ठिवायला आमच्यात जागा न्हाय. घरी घिऊन जावा."

हुग्गीची वेळ नव्हती, तरी घरातून शेंगापोळी आली. मी खाल्ली. निघताना बाबूनं थप्पीवरून एक रिकामी पिशवी ओढली. "आणा साहेब, ह्यात घालून देतो. सगळ्या बाजारातनं असा नेणार व्हय?"

"नको," म्हटलं. "असाच नेतो."

स्टँडपर्यंत बाजार भरलेला होता. जाताना ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला त्याला थांबून सांगितलं.